नारळाच्या दुधाचं पाकीट: टोस्टला पास, सोलकढीला नापास

सुपरमार्केटमध्ये मिळतं ते 200 मिलीचं नारळाच्या दुधाचं पाकीट सोलकढीसाठी घ्यावं का, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर अजूनही नाहीच आहे. पण दूध, लोणी, चीज यातलं काहीही न घालता क्रीमवाल्या भाज्यांचा उघडा टोस्ट करायचा असेल तर हेच पाकीट घ्या. घरात नारळ असला तरी घ्या. माझं माहेर कुडाळचं आणि सासर वेंगुर्ल्याचं, तेव्हा हे लिहायला मला किती जड गेलं असेल ते तुमचं तुम्हीच समजून घ्या.

पाकीट घरात आलं ते भाचीमुळे. ती शिकायला म्हणून आमच्याकडे डोंबिवलीत राहते आणि व्हीगन आहे. दूध, दही, तूप, मध, सगळं बंद. मालवणी घरात याचा फार त्रास होत नाही, हे बाहेरच्यांना पटत नाही. पण आंबोळी, घावणे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सोलकढी, रसातले शिरवाळे, यात गाईम्हशीचं दूध कधी नव्हतंच. अडतं ते संध्याकाळच्या खाण्यावर. माझी दोन मुलं चीज टोस्टवर ताव मारणार आणि ही बिचारी चटणी-ब्रेड खात बसणार, हे बघवेना. म्हणून व्हाइट सॉससारखं काहीतरी हिच्यासाठी करायचं ठरलं आणि त्या निमित्ताने बाजारातले सगळे पर्याय एकेक करून घरी आले. आमच्या सासूबाईंनी पिशवी उघडून बघितली आणि म्हणाल्या, "घरात नारळ आसत मां? मग तां पाकीट कित्याक व्हया?"

प्रश्न रास्त होता. उत्तर कढईत मिळतं.

ताज्या रसाची, म्हणजे घरी काढलेल्या नारळाच्या दुधाची, खोड आपल्याला माहीत आहे. रस घातला की गॅस बारीक करायचा, झाकण ठेवायचं नाही, ढवळत राहायचं आणि खळखळून उकळी येऊ द्यायची नाही. नाहीतर रस फाटतो. नारळाच्या रसात तेलाचे बारीक थेंब पाण्यात तरंगत असतात आणि नारळातलीच प्रथिनं त्यांना धरून ठेवतात. उष्णता वाढली की ती प्रथिनं गोळा होतात, पकड सुटते, तेल वर आणि पाणी खाली. कालवणात एवढं बिघडत नाही, उलट तेलाचा तवंग आला तर काही जणांना बरंच वाटतं. टोस्टवर मात्र फाटलेला रस म्हणजे सत्यानाश. पाणी ब्रेडमध्ये जिरतं, तेल बाजूने ओघळतं आणि वर उरतो नुसता दाणेदार चोथा. टोस्टवरचं क्रीम आटवून घट्ट करावं लागतं, आणि आटवायचं तर उकळी काढावीच लागते. म्हणजे ज्या गोष्टीला घरचा रस घाबरतो तीच इथे मुद्दाम करायची असते.

पाकिटातल्या दुधाला तिची भीती नाही, कारण त्यात डिंक असतो. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत बघा, घटकांमध्ये ग्वार गम किंवा झँथन गम लिहिलेलं असतं, किंवा 412, 415 असे आकडे असतात. सोबत कधी 435 पण असतो, तो पॉलिसॉर्बेट, तेल आणि पाणी बांधून ठेवणारा. हे वाचून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. त्यातल्या ग्वार गमबद्दल तरी एवढं सांगते की तो गवारीच्या बियांपासून करतात. आपण जिची खोबरं घालून भाजी करतो तीच गवार. पॉलिसॉर्बेटची बाजू घ्यायला मी बसलेली नाही. रोज दोन पेले प्यायचं असतं तर मीही विचार केला असता. इथे माणशी चार चमचे पोटात जातात.

आता पाकिटांमध्येही प्रकार आहेत आणि फरक मोठा आहे. कंपन्यांची नावं घेत नाही, घटकपदार्थ दर चार महिन्यांनी बदलतात आणि मग लोक मला बोलतात. नावापेक्षा पाठ वाचा. पहिली गोष्ट म्हणजे फॅट. पोषणाच्या तक्त्यात दर 100 ग्रॅममागे फॅट किती ते लिहिलेलं असतं. कोडेक्स या खाद्यपदार्थांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे नारळाच्या दुधात किमान 10 टक्के आणि नारळाच्या क्रीममध्ये किमान 20 टक्के स्निग्धांश हवा, लाइट म्हणून विकतात त्यात 5 टक्के असला तरी चालतो. टोस्टसाठी 17 च्या खाली जाऊ नका. 10-12 वालं आणलं तर आटवता आटवता भाज्यांचा लगदा होतो आणि क्रीम काही होत नाही. लाइटवालं तर या कामासाठी पैसे पाण्यात.

दुसरा प्रकार म्हणजे ज्याच्या मागे फक्त नारळ आणि पाणी एवढंच लिहिलेलं असतं. आरोग्यवाले लोक हेच घ्या म्हणतात आणि चवीला ते खरंच सगळ्यात चांगलं आहे, घरच्या रसाच्या सगळ्यात जवळ. पण मग ते फाटतंही घरच्या रसासारखंच. ते वापरायचं तर पीठ चुकवू नका. पीठ काय काम करतं ते पुढे येईलच.

डब्यातलं, म्हणजे 400 मिलीचा पत्र्याचा थाई डबा, उत्तम असतो. घट्ट, पांढराशुभ्र, वर लोण्यासारखा थर. पण चार टोस्टसाठी 400 मिली फोडून उरलेल्याचं काय करायचं? पाहुणे असतील तर डबा आणा.

आणि पावडर. इथे मात्र सावध व्हा. नारळाच्या दुधाची पावडर स्वस्त पडते, लागेल तेवढी वापरता येते, महिनोन्‌महिने टिकते. सगळे गुण आहेत. पण मी आणलेल्या पावडरचं पाकीट भाचीने उलटं केलं आणि मला परत दिलं. "मावशी, यात दूध आहे." नारळाच्या दुधात दूध? होतं. सोडियम केसिनेट. दुधातलंच प्रथिन. पावडर पाण्यात नीट मिसळावी, गुठळ्या होऊ नयेत म्हणून पुष्कळ कंपन्या ते घालतात. घटकांच्या यादीखाली ॲलर्जीच्या ओळीत दूध असल्याचं लिहिलेलंही होतं, ठळक अक्षरांत. पुढच्या बाजूला मात्र नारळाचं चित्र, झावळ्या आणि हिरवा ठिपका. हिरवा ठिपका शाकाहारी असल्याची खूण आहे, आणि दूध शाकाहारीच धरतात, त्यामुळे त्यात खोटं काही नाही. पण व्हीगन माणसाला किंवा दुधाची ॲलर्जी असलेल्या पोराला तो ठिपका बघून काही कळत नाही. त्यांच्यासाठी वेगळी खूण आहे. एफएसएसएआयने, म्हणजे आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, 2022 मध्ये व्हीगन पदार्थांचे नियम आणले, त्यात हिरवा इंग्रजी व्ही आणि त्यावर फुटलेलं छोटं पान असं चिन्ह आहे. ते सगळ्या पाकिटांवर सापडत नाही, तेव्हा ॲलर्जीची ओळ वाचण्याला पर्याय नाही. ब्रेडचंही तेच. मिल्क ब्रेड तर नावातच सांगतो, पण साध्या दिसणाऱ्या काही ब्रेडमध्येही दुधाची भुकटी असते. हातगाडीवरच्या सँडविचवाल्याकडच्या पिवळ्या मस्क्याबद्दल काय बोलायचं! त्याच्या डब्यावर लेबलच नसतं.

पाकीट निवडून झालं. आता कृती, कारण तिच्याशिवाय पाकिटाचं परीक्षण अर्धवट राहील.

ब्रेड बेकरीतून न कापलेला आणा आणि घरी करंगळीएवढ्या जाडीच्या कापा करा. पातळ स्लाइसवर हे क्रीम तग धरत नाही. एक दिवसाचा शिळा असेल तर सोन्याहून पिवळं. इराण्याकडचा कडक ब्रून मिळाला तर आडवा चिरून घ्या, गोव्याहून कोणी पोयी आणली असेल तर तीही मधून फोडा, दोन छान ताटल्या होतात. या दोन्हींत बहुधा दूध-लोणी नसतंच, पण बेकरीवाल्याला एकदा विचारायला काय जातं.

बिडाचा तवा मध्यम आचेवर चांगला तापवा. ब्रेडला दोन्ही बाजूंनी घाण्याचं शेंगदाणा तेल बोटाने पुसल्यासारखं लावा आणि भाजा. खोबरेल नको, क्रीममध्ये नारळ आहेच, दोन्हीकडून नारळ आला की देवळातल्या प्रसादाची आठवण येते. एक बाजू नेहमीपेक्षा जास्त, अगदी खरपूस भाजायची, दुसरी सोनेरी होईपर्यंतच. खरपूस बाजू वर ठेवायची, कारण क्रीम तिच्यावर जाणार. सुरी फिरवली की खरखर आवाज आला पाहिजे. मग त्यावर सोललेली लसणीची पाकळी घासा. भाजलेला ब्रेड किसणीचं काम करतो, अर्धी पाकळी बघता बघता झिजून जाते. आणि टोस्ट ताटलीत ठेवू नका, जाळीवर ठेवा, नाहीतर स्वतःच्याच वाफेने खालून ओला होतो.

भाज्यांमध्ये मी बटन मशरूमचं 200 ग्रॅमचं पाकीट, वाटीभर मक्याचे दाणे आणि मूठभर बारीक चिरलेली फरसबी घेते. ढोबळी मिरची आमच्या ह्यांना आवडते, मला या क्रीममध्ये तिचा वास नको वाटतो. मका आणि फरसबी आधी वाफवून, पूर्ण निथळून. मशरूमचं मात्र नीट ऐका. मशरूममध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं आणि ते आधी काढलं नाही तर क्रीममध्ये उतरतं. जाड काप करून कोरड्या तापलेल्या कढईत टाका. तेल नाही, मीठ नाही. पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही. मग चरचर सुरू होते, तळाला काळपट पाणी सुटतं, मशरूम आकसून निम्मे होतात आणि पाणी आटलं की आवाज बदलतो. ओला, बुडबुडणारा आवाज जाऊन कोरडा तडतड आवाज येतो. त्या क्षणी दोन चमचे तेल, ठेचलेला लसूण, भरड मिरपूड. कडा तपकिरी झाल्या की त्यावर दोन लहान चमचे कणीक भुरभुरवायची आणि मिनिटभर परतायची. कच्चा वास गेला पाहिजे.

आता पाकीट. कात्रीने कोपरा कापून निम्मं ओता, कणीक नीट मिसळू द्या, मग उरलेलं. आच मोठी करा. हो, मोठी. इथे माझा हात अजून अडखळतो, इतक्या वर्षांची सवय आहे. बुडबुडे येतात, क्रीम कढईच्या कडेने वर चढतं आणि फाटत नाही. दोन-तीन मिनिटांत दाट होतं. चमच्याच्या पाठीवर बोट ओढलं आणि रेघ मिटली नाही की झालं. कणकेतला स्टार्च पाणी धरून ठेवतो आणि तेलाचे थेंब एकमेकांना भेटू देत नाही, म्हणून फक्त नारळ-पाणीवालं पाकीटही या पद्धतीत बऱ्यापैकी टिकतं. पण त्याला आच मध्यमच ठेवा.

मका, फरसबी, मीठ, जायफळाच्या दोन किसण्या. आणि खरी युक्ती म्हणजे फेसलेली मोहरी, अर्धा चमचा. पाकिटातल्या दुधाला एक गुळमट गोडवा असतो, ताज्या रसात असतो त्याहून जास्त, आणि टोस्टवर तो बोचतो. मोहरीची झणक आणि शेवटी लिंबाचं थोडं पिळण, यांनी तो बराच झाकला जातो. लिंबू गॅस बंद केल्यावरच. चीजची चव यावी म्हणून परदेशी यीस्टची पिवळी भुकटी घाला असं भाचीने सुचवलं होतं, आणलीही होती. वाईट नाही. पण तिच्या किमतीत मोहरी वर्षभर पुरते.

क्रीम टोस्टवर भरपूर घालायचं, कडेपर्यंत. ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा ओव्हन, असेल तर वरची कॉइल चालू करून 220 वर चार-पाच मिनिटं. त्याआधी ब्रेडच्या उरलेल्या कडांचा चुरा तेलात चोळून वर पसरायचा, तो कुरकुरीत होतो आणि क्रीमवर तपकिरी ठिपके येतात. ओटीजी नसेल तर असाच खा. तव्यावर झाकण ठेवून गरम करायच्या भानगडीत पडू नका, खालून चिखल होतो. या मापात चार मोठे टोस्ट होतात, माझ्या मुलांच्या हिशेबाने दोन.

चवीचं प्रामाणिक मत द्यायचं तर नारळ कळतो. लपत नाही. ज्यांना अमूल बटरवाल्या व्हाइट सॉसची सवय आहे त्यांना पहिल्या घासाला वेगळं लागेल. आमचे हे पहिला टोस्ट खाऊन "बरा आहे" म्हणाले, आमच्याकडे ही मोठी पदवी आहे. मुलांनी भाचीच्या ताटलीतला पळवला, तेव्हा आता सगळ्यांसाठी एकच करते. पोत मात्र पैकीच्या पैकी. गुळगुळीत, जड, जिभेवर राहणारं क्रीम, आणि थंड झाल्यावरही पाणी सुटत नाही.

बाकी पर्यायांचं थोडक्यात. सोया दूध या कामाला पातळ पडतं आणि त्याचा स्वतःचा वास मशरूमशी भांडतो. शिवाय बऱ्याच पाकिटांत साखर असते, ती बघून घ्या. ओट्सचं दूध तापवलं की चिकट होतं. काजूची पेस्ट चवीला नारळाच्या पुढे आहे, हे कबूल. गरम पाण्यात भिजवलेले काजू चटणीच्या भांड्यात अगदी गंधासारखे वाटले तर क्रीमला तोड नाही आणि फाटायचा प्रश्नच नाही. पण चार टोस्टपुरते मूठभर काजू मिक्सरच्या पात्याखाली नीट वाटले जात नाहीत, कण राहतात, आणि काजूचा आजचा भाव बघता संध्याकाळच्या खाण्याला तो थाट परवडत नाही. मे महिन्यात गावाहून ओले काजू आले तर तेच क्रीममध्ये भाजी म्हणून घालते. ते वेगळंच प्रकरण आहे.

सोलकढीला नापास का केलं, तेही सांगून टाकते. जो डिंक टोस्टवर कामाला येतो तोच कढीत आडवा येतो. सोलकढी घशातून सरसरत उतरली पाहिजे, पाकिटातली घुटमळते. बाणवली जातीच्या ताज्या नारळाचा पहिला रस, त्यात कोकमाचं आगळ, आलं-लसूण, मिरची, यांची सर तिला नाही. त्यात ती तापवायचीच नसते, मग न फाटणाऱ्या दुधाचं कौतुक कशाला? सासूबाईंनी एकदा चाखली, पेला बाजूला ठेवला आणि दुसरं काही न बोलता नारळ फोडायला घेतला.

एका पाकिटाच्या किमतीत बरा नारळ येतो, तेव्हा पाकिटाने खवणीवर बसायची मेहनत वाचते एवढाच हिशेब उरतो. हल्ली नारळाचेही भाव असे चढलेत की तोही हिशेब पूर्वीइतका एकतर्फी नाही. टोस्टपुरते पाचपैकी चार तारे. एक कापला तो गोडव्याबद्दल. नुसत्या नारळ-पाणीवाल्याला साडेतीन, पावडरला आमच्या घरात शून्य, दूध खाणाऱ्यांनी त्यांचं ठरवावं.

ठेवण्याबद्दल थोडं. पाकीट उघडलं की दोन-तीन दिवसांत संपवा, तेही काचेच्या बरणीत काढून फ्रिजमध्ये. नारळाचं तेल 24-25 अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळे फ्रिजमध्ये वर घट्ट थर आला तर खराब झालं म्हणून फेकू नका. तोच थर काढून टोस्टला वापरा आणि खालचं पातळ आमटीत जाऊ द्या. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवूनही ठेवता येतं, पण गोठवलेलं वितळल्यावर दाणेदार होतं, ते कालवणालाच. आणि दुकानात घेताना पाकीट हातात धरून चारही बाजूंनी दाबून बघा. जरा जरी फुगलेलं वाटलं तर तारीख पुढची असली तरी परत ठेवा आणि मागच्या रांगेतलं घ्या.